गडग्यावरचा लांडगा

फेलिझ्मीनाची एकतीस वर्षं लोकरीच्या गिरणीत गेली, रफूच्या खात्यात. मागावरून उतरलेलं ठाण खिडकीसमोरच्या तिरप्या टेबलावर पसरायचं, या काठापासून त्या काठापर्यंत सावकाश नजर फिरवायची आणि कुठे धागा सुटलेला दिसला की सुईनं तो असा भरायचा, की भरलेली जागा उद्या आपल्यालाही सापडू नये. गिरणी बंद झाली तेव्हा बायांनी आठवण म्हणून कायकाय घरी नेलं. कुणी कात्री, कुणी भिंतीवरचं घड्याळ. फेलिझ्मीनानं बुरेलच्या तुकड्यांची चार पोती मागून घेतली. बुरेल म्हणजे या डोंगरातल्या मेंढपाळांचं घोंगडीसारखं कापड, इतकं दाट की पाऊससुद्धा वरच्या वर अडवतं. नवरा तेव्हा हयात होता. तो म्हणाला होता, आता या पोत्यांवर झोपायचं का आपण?

पण पोती हळूहळू रिकामी झाली. त्यांतून मेंढ्या निघाल्या, बोकड निघाले, नदीतले ठिपक्याठिपक्यांचे मासे निघाले, आणि एक गलेलठ्ठ पाद्री, ज्याची टोपी काढली की आत टक्कल असे. गावात ज्या घरी पाळणा हलला त्या घरी तिचं एक तरी खेळणं गेलंच.

मग तिची मुलगी ओतीलिया आणि जावई आमारू लक्झेंबर्गला कामाला गेले. तिथे बरं घर मिळेपर्यंत दोन्ही मुलं आजीकडे राहायची ठरली. बेनेदिता नऊ वर्षांची, विसेंत पाच. निघताना जावयानं आपला कॅमेरा सासूच्या गळ्यात अडकवला आणि कुठलं बटण कशाचं ते तीनदा समजावून सांगितलं. ओतीलियाचं एवढंच म्हणणं होतं, की रोज एक तरी फोटो यायला हवा.

पहिले आठ-दहा दिवस फेलिझ्मीनानं मुलांचे भांग पाडले, त्यांना चुन्याच्या भिंतीसमोर उभं केलं आणि हलू नका म्हणून बजावलं. फोनवर ओतीलियानं ते फोटो पाहिल्याचं सांगितलं आणि म्हणाली,

“आई, मुलं तुझ्याकडे राहतात की तुरुंगात गं?”

फेलिझ्मीनाला राग आला आणि हसूही आलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं उभं करणं सोडलं. खळ्याच्या कडेला स्टूल टाकायचं, मांडीवर शिवण घ्यायचं आणि मुलांपुढे खेळण्यांची पाटी उपडी करायची. अर्ध्या तासात मुलं तिला विसरून जात. मग सुई एप्रनला टोचून ती कॅमेरा उचलायची. चाळीस-पन्नास फोटो काढले की त्यांत एखादा असा निघे, की बेनेदिता म्हणायची, हा पाठवू या, बघून आई रडेल. बेनेदिताला आईनं रडलेलं आवडायचं. वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवरून फोटो पाठवायचं काम तिचंच होतं.

विसेंतचा जीव एकाच खेळण्यात होता. तो होता एक करडा लांडगा. फेलिझ्मीनानं तो घाईत शिवला होता, त्यामुळे मान जरा वाकडी बसली होती आणि तो सतत कुणाचं तरी गुपित ऐकत असल्यासारखा दिसायचा. विसेंतनं त्याचं नाव फारूश्कु ठेवलं. फारूश्कु जेवायला शेजारी बसायचा, चर्चमध्ये कोटाच्या खिशात जायचा आणि विसेंतच्या मनाविरुद्ध काही झालं तर फारूश्कुला ते आवडलेलं नाही असं सगळ्यांना कळवलं जायचं.

एप्रिल संपत आला होता. चेरीच्या बागा नुकत्याच फुलून गेल्या होत्या. त्या दिवशी दुपारभर मुलं खळ्यावर मेंढ्या-लांडगा खेळली. बेनेदिता मेंढपाळ झाली, फारूश्कु खळ्याभोवतीच्या दगडी गडग्यावर दबा धरून बसला आणि पाद्री मध्येच येऊन मेंढ्यांना आशीर्वाद देऊन गेला. फेलिझ्मीनानं मनसोक्त फोटो काढले. ऊन उतरल्यावर पाटी भरली तेव्हा अकरा मेंढ्या, तीन बोकड, पाद्री, सगळे होते. फारूश्कु नव्हता.

खळ्यावर शोधलं, गडग्याच्या फटींत हात घालून शोधलं, कोंबड्यांच्या खुराड्यातही पाहिलं. विसेंत रडला नाही. तो रडला असता तर बरं, असं फेलिझ्मीनाला वाटलं. कोबीच्या सूपची वाटी समोर तशीच ठेवून तो बसून राहिला. उद्या मी अगदी तस्साच दुसरा शिवते, ती म्हणाली.

“तस्साच म्हणजे तो नाही ना,” विसेंत शांतपणे म्हणाला.

फेलिझ्मीनानं सूपची वाटी उचलून झाकून ठेवली.

सकाळी न्याहारी आटोपल्यावर तिनं बेनेदिताला लॅपटॉप आणायला सांगितलं. खिडकीतला उजेड पाठीमागून पडेल असं टेबल वळवलं, चष्मा पुसला आणि कालचे फोटो पहिल्यापासून एकेक दाखव म्हणाली. बेनेदिताच्या बोटांचा वेग जास्त होता, ती पटापट पुढे जायची. आजी तिला थांबवायची. मुलांकडे बघूच नकोस, ती म्हणाली, काठाकडे बघ. वरचा काठ, मग उजवा, मग खालचा. गिरणीत नवीन मुलींना ती हेच शिकवायची, कारण माणसाची नजर नक्षीवर जाते आणि खोट असते काठाला.

एकेचाळिसाव्या फोटोत फारूश्कु गडग्यावर होता, पाद्रीच्या खांद्यामागे. चव्वेचाळिसाव्यातही होता. सत्तेचाळिसाव्यात गडगा रिकामा. फेलिझ्मीनानं पुन्हा चव्वेचाळिसावा लावायला सांगितला आणि नाक जवळजवळ पडद्याला टेकवलं. गडग्याच्या वरच्या दगडापलीकडे काहीतरी पिवळसर, केसाळ दिसत होतं. ढग नव्हता. गवतही नव्हतं.

“शेपटी आहे, आजी,” बेनेदिता म्हणाली. “सेरेझाची.”

फेलिझ्मीनानं चष्मा काढला. सेरेझा ही कुश्तोदियाची कुत्री. डोंगरातली ती दांडगी जात, वासराएवढी. आणि कुश्तोदियाच्या अंगणात फेलिझ्मीनानं सहा वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं.

तसं पाहिलं तर दोघींची घरं दोनशे पावलांवर. दोघी एकाच वर्षी गिरणीत लागल्या, एकाच बाकावर बसल्या, एकमेकींच्या बाळंतपणांत धावून गेल्या. ओतीलिया तर कुश्तोदियाच्या चुलीपाशीच वाढली म्हणायची. बिघडलं ते पाटाच्या पाण्यावरून. गावात पाणी पाळीनं मिळतं. एका उन्हाळ्यात फेलिझ्मीनाच्या पाळीला पाटात पाणीच आलं नाही. मक्याचं पीक माना टाकत होतं, तिचं डोकं तापलेलं. बेकरीत दहा बायकांसमोर ती बोलून गेली, की माझं पाणी कुश्तोदियानं वळवलं. आठवडाभरात कळलं, वर जंगलात एक वाळकी फांदी पडून पाट तुंबला होता. नवऱ्यानंच ती ओढून काढली. जाऊन सांग तिला, तो म्हणाला होता. आज जाते, उद्या जाते, असं करताकरता महिना गेला. मग हिवाळा आला, मग नवरा गेला आणि त्याच्या दफनाला कुश्तोदिया आली ती मागच्या रांगेत उभी राहून न बोलता परत गेली. जितके दिवस लोटले तितकं जाणं अवघड होत गेलं.

फेलिझ्मीनानं मुलांना सांगून पाहिलं, तुम्हीच दोघं जा आणि मागून आणा. विसेंतनं नाही म्हणून मान हलवली. त्याला सेरेझाची भीती वाटत होती. आणि फारूश्कु ज्यानं शिवला त्यानंच त्याला सोडवायला जावं, असं त्याचं मत पडलं. शेवटी फेलिझ्मीनानं एप्रन काढला, केस नीट केले, पुन्हा एप्रन बांधला आणि निघाली. कॅमेरा सवयीनं गळ्यातच राहिला.

कुश्तोदिया अंगणात वालाच्या वेलांना काठ्या लावत होती. ती पूर्वीपेक्षा बारीक झाली होती. तिनं वर पाहिलं, मुलांकडे पाहून हसली, मग फेलिझ्मीनाकडे पाहिलं तेव्हा हसू आवरून घेतलं.

“सहा वर्षं लागली का गं दोनशे पावलं चालायला?”

फेलिझ्मीनानं वाटेत मनाशी ठरवलं होतं, की फक्त खेळण्याचं विचारायचं. पण तोंड उघडलं तर दुसरंच बाहेर आलं.

“पाणी तू वळवलं नव्हतंस. फांदी अडकली होती. मला त्याच आठवड्यात कळलं.”

“मला ठाऊक होतं तुला कळलंय ते. तुझ्या नवऱ्यानं सांगितलं मला, याच फाटकात उभं राहून.” कुश्तोदियानं हातातली काठी जमिनीत रोवली. “राग पाण्याचा नव्हताच. कळूनसुद्धा आली नाहीस, याचा होता.”

“माझं चुकलं, कुश्तोदिया. बेकरीत बोलले तेही चुकलं आणि नंतर गप्प बसले ते त्याहून.”

कुश्तोदिया पुन्हा वेलांकडे वळली. वेलाचं टोक काठीला गुंडाळत राहिली. मुलं दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. मग तिनं विचारलं, की एवढं सांगायला नातवंडं बरोबर का आणलीस, साक्षीला? तेव्हा फेलिझ्मीनानं फारूश्कुचं सांगितलं. फोटोतली शेपटीही सांगितली.

“अगं बाई, म्हणजे तो तुमचा होय,” कुश्तोदिया म्हणाली आणि हात झटकून गोठ्याकडे चालू लागली.

गोठ्यात कोपऱ्यातल्या गवतावर सेरेझा आडवी पसरली होती. तिच्या पोटाशी पाच पिल्लं होती, डोळे मिटलेली, उंदरासारखी. त्यांच्या मधोमध वाकड्या मानेचा फारूश्कु. एक पिल्लू त्याच्यावर डोकं टेकून झोपलं होतं. सेरेझानं पिल्लांना चाटताचाटता फारूश्कुलाही चाटून घेतलं.

पिल्लं सहा झाली होती, कुश्तोदियानं हळू आवाजात सांगितलं. परवा एक गेलं. ते पुरल्यापासून कुत्री सैरभैर झाली होती, सारखी उठायची, बाहेर जाऊन हुंगत फिरायची. काल संध्याकाळी तोंडात हे धरून आली आणि तेव्हापासून जागची हललेली नाही.

“हिच्या आईनं, आजीनं जन्मभर लांडगे हाकलले,” ती म्हणाली, “आणि ही बघ, लांडग्याला कुशीत घेऊन निजलीय.”

फेलिझ्मीना हसली. कुश्तोदियाही हसली. मग दोघींनाही आठवलं असावं, की आपण किती दिवसांनी एकत्र हसतोय, कारण दोघी एकदमच मान वळवून कुत्रीकडे बघू लागल्या.

विसेंत दारातच उभा होता. तो आता हट्ट करणार अशी फेलिझ्मीनाची तयारी होती. पण तो तिथूनच वाकून पिल्लं मोजू लागला. मग त्यानं कुश्तोदियाला विचारलं, पिल्लांचे डोळे कधी उघडतात? बारा-तेरा दिवसांत, ती म्हणाली.

“मग तोपर्यंत राहू दे त्याला,” विसेंत म्हणाला. “त्याला इथे काम आहे.”

परत निघताना मात्र त्याचा धीर थोडा सुटला. आजीचा एप्रन ओढून त्यानं विचारलं, झोपताना मी काय घेऊ? फेलिझ्मीना मागे वळली. मग गोठ्याच्या दारात गुडघे टेकून तिनं पिल्लांमधल्या फारूश्कुचा फोटो काढला आणि तालुक्याच्या गावी बसनं जाऊन, चांगल्या कागदावर, तळहाताएवढा छापून आणला. विसेंत तेरा दिवस तो फोटो उशीखाली घेऊन झोपला. कोपरे वळले, मधोमध घडी पडली, पण फाटला नाही.

तोच फोटो ओतीलियाला पाठवला. तिचा लगेच फोन आला. पिल्लांबद्दल ती काहीच बोलली नाही. फोटोच्या कडेला दाराच्या चौकटीवर एक हात दिसतोय, तो कुणाचा, असं तिनं विचारलं. फेलिझ्मीनानं सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. बेनेदितानं समाधानानं मान डोलावली.

रोज शाळा सुटली की मुलं तिकडे पळायची. मागून फेलिझ्मीना जायची. कुश्तोदिया बकरीच्या दुधाचं चीज आणि बिहीच्या आंबटगोड फळांच्या वड्या काढून ठेवायची, दोघी अंगणातल्या बाकावर बसायच्या. कुश्तोदियाला अजूनही मधूनच टोमणा मारायची लहर यायची, आणि फेलिझ्मीना तो निमूटपणे ऐकून घ्यायची. काही दिवसांनी तीही उलट बोलू लागली. मग दोघींचं पूर्वीसारखं सुरू झालं.

चौदाव्या दिवशी पाचही पिल्लांचे डोळे उघडले. विसेंतनं सेरेझाची परवानगी विचारल्यासारखं केलं आणि फारूश्कुला उचललं. एक कान चावून चोथा झाला होता, पोटाची शिवण उसवली होती आणि दुधाचा असा वास मारत होता की बेनेदितानं नाक दाबलं. फेलिझ्मीनानं घरी नेऊन त्याला धुतलं, शिवण भरली. कान मात्र विसेंतनं भरू दिला नाही. तो सेरेझाच्या मुलांनी खाल्लाय, तो म्हणाला, तसाच राहू दे.

मेच्या अखेरीस पिल्लं अंगणभर धडपडत धावू लागली. एका संध्याकाळी फेलिझ्मीना घराबाहेर पडत होती, तर फारूश्कु पायरीवर उताणा पडलेला. विसेंत त्याला तिथेच टाकून कधीच पुढे पळाला होता. तिनं त्याला उचललं, धूळ झटकली, मान सरळ करायचा उगाच एक प्रयत्न केला आणि खिडकीत उन्हाला ठेवून दिलं. कुश्तोदियाच्या अंगणातून विसेंतचं खिदळणं आणि पिल्लांचं किरटं भुंकणं एकातएक मिसळून ऐकू येत होतं. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात नीट करत ती जरा भरभर चालू लागली, कारण ऊन अजून तासभरच टिकणार होतं.