चार नंबरच्या खोलीचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे, आणि खरं सांगायचं तर भित्रं आहे. हसू नका. तुम्हाला वाटत असेल, कुलूप म्हणजे छाती काढून दारात उभा राहिलेला पहिलवान. पण ज्याला कशाची भीतीच नाही, तो कुलूप विकत आणेल कशाला? आमचा जन्मच मुळी भीतीपोटी होतो. मी पावसाच्या पाण्याला घाबरलो, गंजाला घाबरलो, चुकीच्या किल्लीने कान पिळणाऱ्यांना घाबरलो. पण दोन हजार आठ सालच्या एका दुपारी जो घाबरलो, तसा आधी कधी घाबरलो नव्हतो. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म अलीगढचा. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला ओतलं, कानशीने घासलं आणि माझ्या पोटावर गावाचं नाव ठोकलं. माझी एक खोड आताच सांगून ठेवतो. माझी दांडी नुसती दाबली की खट्टकन बसते, त्याला किल्ली लागत नाही. उघडायला मात्र किल्लीच हवी. माझ्या दोन किल्ल्यांपैकी एक तर प्रवासातच हरवली.

भिवंडीच्या बाजारातून मला चांगदेव नावाच्या शेतकऱ्याने आणलं. खाडीकाठी त्यांची भातशेती होती. भाताच्या कोठाराला त्यांनी मला लावलं आणि उरलेली किल्ली कमरेच्या करगोट्यात बांधली. आंघोळीलासुद्धा ती किल्ली सुटत नसे. त्यांची बायको गोदूबाई चिडवायची, “माज्यापेक्षा त्या चावीवर जीव हाय यांचा.” ते दिवस बरे होते. उंदीर सोडले तर कोठाराकडे कोणी फिरकत नसे, तरी मी रात्रंदिवस डोळे ताणून बसायचो.

मग शेताच्या दोन्ही अंगांना कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने उठले. खाटखूट, खाटखूट, दिवसरात्र. चांगदेवांनी कोठार पाडलं आणि तिथे आठ खोल्यांची पत्र्याची चाळ बांधली. मला चार नंबरच्या खोलीला लावलं. पहिल्यांदा तेलंगणातून विणकरांची कुटुंबं आली. त्यांच्यातली आक्का एक नंबरच्या खोलीत राहायची आणि लूमवाल्यांसाठी भिशी चालवायची. भिशी म्हणजे खानावळ. तिच्या उंबऱ्यावर हळद असायची, आणि दसऱ्याच्या सुमाराला गल्लीतल्या बाया फुलांच्या उतरंडी रचून त्यांच्याभोवती टाळ्या वाजवत फिरायच्या. गोदूबाई ओट्यावरून बघायची आणि म्हणायची, “कुठली मानसं, काय करतात, देवाला ठावं.” दोन वर्षांनी ती स्वतःच परसातली झेंडूची फुलं नेऊन द्यायला लागली.

त्यानंतर उत्तर प्रदेशातले गडी आले. तेव्हा तर गोदूबाईने आठ दिवस नातवाला अंगणात सोडलं नाही. गोदूबाईने बोंबील वाळत घातले की हे नाकाला गमछा बांधून जायचे, आणि ती मुद्दाम आणखी दोन दोऱ्या त्यांच्या वाटेवर बांधायची. आधी त्या गल्लीला नावच नव्हतं. मग लोक तिला तेलगू गल्ली म्हणायला लागले, मग भैयागल्ली. पाट्या बदलल्या, मसाल्यांचे वास बदलले. मी मात्र त्याच कडीला होतो.

आता माझी खरी गंमत ऐका. चार नंबरात बारा माणसं राहायची. सहा दिवसपाळीची, सहा रात्रपाळीची. सकाळी एकजण ड्युटीवर निघाला की त्याच्याच वळकटीवर दुसरा येऊन झोपायचा. खोली कधी रिकामीच नसायची, मग कुलूप कोण लावणार? मी नुसता उघडा लटकलेला. वीस वर्षं! लाज वाटायची हो. आणि खरं सांगू का, मनातून बरंही वाटायचं. उघड्या कुलपाला कसली आली जबाबदारी?

मला लावायचा तो फक्त धनेश. गोदूबाईचा नातू, तेव्हा सहा-सात वर्षांचा. आतली माणसं झोपली की हा हळूच येऊन कडी ओढायचा, मला खट्टकन दाबायचा आणि पळून जायचा. आतून रामसूरत ओरडायचा. हा रामसूरत उत्तर प्रदेशातल्या बस्तीकडचा, रात्रपाळीला असायचा, झोपेचा भुकेलेला. मग चांगदेव हसत हसत यायचे, करगोट्याची किल्ली ओणवं होऊन माझ्यात घालायचे आणि मला उघडायचे. रामसूरत बाहेर येऊन धनेशचा कान धरायचा आणि दुसऱ्या हाताने गूळ-चणे द्यायचा. “ए तालाबाबू,” म्हणायचा. पुढे गल्लीभर धनेशचं तेच नाव पडलं.

दोन हजार दोन साली चांगदेव वारले. गल्लीतल्या सगळ्या भाषांत रडणं झालं. मी दारावरून त्यांना जाताना पाहिलं. करगोट्यातली किल्ली काढायची राहून गेली. माझी आठवण कोणाला येणार? मी तर कधी लागतच नव्हतो.

धनेश मोठा झाला. उरलेलं शेत दापोड्याच्या बाजूला होतं, तिथे आता मोठं गोदाम उभं राहिलं होतं. तिथे तो नोकरी मागायला गेला, तर बाहेरून आणलेली माणसं आधीच भरली होती. “जमीन आमची, आणि दरवाज्यावरचा वॉचमन आम्हालाच विचारतो, कोणाला भेटायचंय,” असं तो सारखं म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. पण हळूहळू तो रामसूरतशी बोलेनासा झाला. माझ्यासमोरून जाताना मान वळवायचा. तालाबाबू म्हटलं की त्याला राग यायचा.

आणि मग ती दुपार आली.

आधी लूम बंद पडले. मित्रांनो, भिवंडीत राहणाऱ्याला आवाजाची भीती वाटत नाही, शांततेची वाटते. एक कारखाना थांबला, मग शेजारचा, मग सगळे. तेवढ्यात धामणकर नाक्यावर भाजीला गेलेली आक्का धापा टाकत आली. पिशवी कुठे टाकली होती कोण जाणे.

“गोदूबाई, दुकानं बंद झाली,” ती म्हणाली. “पोरं रिक्षा थांबवून विचारतात, गाव कुठलं. उत्तरेकडचं गाव सांगितलं की मारतात. इकडेच येत आहेत.”

चाळीतली बायकामुलं ओळखीच्यांकडे पळाली. चार नंबरात रात्रपाळीचे सहाजण गाढ झोपले होते. गल्लीला तोंड एकच, आणि त्या तोंडाशी टायर जळाल्याचा धूर दिसायला लागला होता. गोदूबाईने दार ढकललं. रामसूरत उठून बसला. तिने त्याला आपल्या हिंदीत दटावलं, “बाहेर नय आने का. आवाज नय. खोकने का तो बिलकुल नय, समजा क्या?” मग कडी ओढली, मला पकडलं आणि खट्टकन दाबलं.

वीस वर्षांनी मी मनापासून लागलो. बाहेर कुलूप दिसलं की आत कोणी नाही असं समजून ते पुढे जातील, हा तिचा हिशोब. हुशार म्हातारी.

“चावी कुठाय?” आक्काने विचारलं.

गोदूबाईचा हात आधी कमरेला गेला, मग पदराच्या गाठीकडे, आणि तिथेच थांबला. तिचा चेहरा बघून मला सगळं कळलं.

“चावी त्यांच्याबरोबर गेली गं,” ती म्हणाली.

आता काही करायला वेळ नव्हता. तिने आक्काला आपल्या घरात लोटलं आणि स्वतः ओट्यावर सुपात बोंबील घेऊन निवडत बसली. चांगला बोंबीलही ती फेकून देत होती. मी दारावर गार पडलो होतो. मला तेव्हा एकच विचार सुचत होता. येणाऱ्यांनी खोली पेटवली, तर या सहाजणांना कोंडून मारणारा मीच.

पंधरा-वीस पोरं आली. तोंडाला रुमाल, हातात काठ्या. त्यांनी खोल्यांची दारं लाथांनी उघडली, भांडी बाहेर फेकली. आक्काची मोठी टोपली गटारात गेली. त्यांच्यातला एक उंच पोरगा गोदूबाईसमोर आला. “आजी, भैये कुठं आहेत?”

“गेले गावाला. मना काय म्हाईत,” गोदूबाई म्हणाली.

“धनेश, तुझीच चाळ ना ही? ते कुलूप बघ,” उंच पोरगा मागच्या एकाला म्हणाला.

तेव्हा गोदूबाईने मान वर केली. रुमाल बांधलेला असला तरी आजीला नातू ओळखायला वेळ लागत नाही. सुपातला तिचा हात थांबला.

धनेश माझ्याकडे आला. मित्रांनो, त्या पोरांत एकच असा होता ज्याला नक्की ठाऊक होतं की चार नंबरला कुलूप कधी लागत नाही. बाकीच्यांना बंद कुलूप दिसलं. त्याला मात्र बंद कुलूप म्हणजेच आत माणसं हे दिसणारच होतं. आणि किल्ली कुठे गेली, तेही तो जाणत होता, कारण आजोबांना खांदा त्यानेच दिला होता.

त्याने मला हातात घेतलं. त्याचा तळवा घामाने ओला होता. अंगठा माझ्या पोटावरून फिरला, मळ थोडा निघाला आणि खालची अक्षरं उघडी पडली. अलीगढ. आता मलाही विचारेल गाव कुठलं, असं मला वाटलं. त्या शांततेत आतल्यांचे श्वास मला ऐकू येत होते. वीस वर्षं लूमचा कापूस छातीत गेलेला रामसूरत तोंडात गमछा कोंबून बसला होता.

तरी खोकला आलाच. एकच, दाबलेला.

धनेशची बोटं माझ्यावर आवळली. आणि मग तो स्वतः खोकला. मोठ्याने, वाकून, तीन-चार वेळा.

“काय झालं रे?” उंच पोराने विचारलं.

“धूर लागला,” धनेश म्हणाला. त्याने मला दारावर सोडून दिलं. “कोन न्हाय इथं. सगले पलाले. चला.”

ते गेले. गोदूबाईने सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. पण माझी भीती काही संपली नाही. पत्रा तापला होता. आत सहा माणसं, पाण्याचा एक हंडा, आणि मी तोंड मिटून बसलेलो. आक्का आणि गोदूबाई मला लाटण्याने, दगडाने, मासे कापायच्या पावशीने ठोकत होत्या. मी उघडलो असतो हो, खरंच उघडलो असतो. पण तेल पाहून मला वीस वर्षं झाली होती. गंजाने माझे आतले लोखंडी दात एकमेकांत रुतले होते.

तासाभराने धनेश परत आला. एकटा, रुमाल काढून, हातात हातोडी आणि छिन्नी. आजीकडे न बघता त्याने पहिला घाव घातला. हातोडीचा आवाज ऐकून आत गडबड झाली. बिचाऱ्यांना काय माहीत कोण ठोकतंय? त्यांनी ट्रंक सरकवून दाराला लावली.

“कौन है?” रामसूरतने आतून विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता.

सकाळपासून नाक्यावर लोकांना ‘कोण, कुठला’ विचारत फिरलेल्या धनेशला आता आपलं नाव सांगता येईना.

“कौन है भाई?”

“तालाबाबू,” धनेश म्हणाला. “चाचा, तालाबाबू हाय. चावी आज्याबरोबर गेली. तोडावं लागंल.”

मग ट्रंक सरकल्याचा आवाज आला. पाचव्या घावाला माझी दांडी तुटली. दुखलं, पण तुटताना मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी सहाजणांपैकी पाचजण गावी निघाले. रामसूरतही. धनेशने त्याची ट्रंक कल्याणच्या स्टेशनापर्यंत पोचवली. वाटेत दोघं काय बोलले ते मला ठाऊक नाही. नाक्यावर त्याने कोणाकोणाला काय केलं, हे त्याने कोणालाच सांगितलं नाही, आणि गोदूबाईने विचारलं नाही. त्या दिवसापासून ती त्याला जेवायला वाढते, पण ताट पुढे सरकवताना पूर्वीसारखी बडबडत नाही.

गल्ली पुन्हा भरली. चार नंबरात आता बिहारकडची नवी माणसं आहेत. दाराला नवं चकचकीत कुलूप आहे, बाहेर पडताना ते रोज लागतं, आणि खोलीत माणसं असली तर आतून कडी असते. बाराजणांच्या बारा किल्ल्या बारा गळ्यांत. मी गोदूबाईच्या खिडकीत तुटक्या दांडीने पडून असतो. धनेश कधीतरी येतो, मला उचलतो, माझ्यावर तेलाचा थेंब सोडतो. आता त्याचा काय उपयोग? तरी तो सोडतो. गेल्या होळीला बस्तीहून गूळ-चण्याची पुडी आली. वर नाव होतं तालाबाबू. ती त्याने अजून उघडलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला वर्षातून एकदा तेल द्या, गंजू देऊ नका. आणि त्याला दाबण्याआधी दोन गोष्टी बघत जा. किल्ली कुठे आहे, आणि आत कोण आहे.