समोरचा गडी

"काका, नाव हेच टाकायचं? बदलता नाय येणार?" पायलने ओठ दाबून हसू आवरलं.

स्क्रीनवर मोठ्या लाल अक्षरांत 'बोचिया' उमटलं होतं. बसायच्या अवयवाला आपल्याकडे जो शब्द आहे, त्याच्या ते फार जवळ जात होतं.

"बदलून कसा चालंल? खेलाचं नावच ते हाय," देवजी म्हणाला. "बाहेरच्या देशातला खेल हाय. चाकाच्या खुर्चीत बसून खेलतात. पांढरा चेंडू पुढं टाकायचा, आन आपला चेंडू त्याच्या जवल न्यायचा. एकाचे लाल, दुसऱ्याचे निले."

"बरं बरं. फोटो आहे का?"

देवजीने मोबाइल पुढे केला. आयुष्यभर तळोज्याच्या कारखान्यात पिंपं ढकलून त्याचे हात जाड झाले होते. फोटो सरकवायला त्याला वेळ लागला. नावडे फाट्यावरच्या या फ्लेक्सच्या दुकानात तो पहिल्यांदाच आला होता. आला होता तो रुतिकासाठी.

रुतिका त्याची एकुलती एक मुलगी. जन्मापासूनच तिचे हातपाय तिच्या मनाप्रमाणे चालत नव्हते, एकेक शब्द ओढून काढावा लागे. विशेष मुलांच्या शाळेत एका सरांनी तिला हा खेळ शिकवला. वय वाढलं तशी शाळा सुटली, पण खेळ सुटला नाही. कळंबोलीचा मिथुन, तोही तिच्यासारखाच, दर रविवारी नावड्याच्या समाजमंदिरात यायचा. दोघं जेवणाची वेळ टळेपर्यंत खेळायची आणि कोणाचा चेंडू जवळ यावरून भांडायची. रुतिकाची आई गेली, त्यानंतर घरात तिचं हसू ऐकू यायचं ते रविवारीच.

गेल्या हिवाळ्यात मिथुनच्या छातीत कफ साठला आणि तो गेला. देवजी स्वतः खेळायला बसला. पण तो मुद्दाम हरायचा आणि रुतिकाला ते लगेच कळायचं. मग ती चेंडू टाकणंच थांबवायची. त्यात समाजमंदिराच्या कमिटीने सांगितलं, "खेळणारे आणा देवजीशेठ, नायतर रविवारचा हॉल हळदीला द्यावा लागंल."

"हा फोटो मस्त आहे," पायल म्हणाली. फोटोत मिथुनचा हात पुढे झेपावला होता, निळा चेंडू हवेत होता आणि पलीकडून रुतिका त्याकडे बघत होती. "खेळ काय आहे ते यातच कळतं. हाच टाकते."

"तो पोरगा गेला गं."

पायलचा माउस थांबला. "मग नको, काका. लोकांना श्रद्धांजलीचा बॅनर वाटेल."

तिचं चुकत नव्हतं. ती मिथुनच्या कडेने रेघ फिरवू लागली. आधी हात गेला, मग खांदा. देवजी काम होईपर्यंत बाहेर रस्त्याकडे बघत राहिला. परत वळला तेव्हा चेंडू तेवढा हवेत उरला होता.

पायलने रुतिकाचा चेहरा मोठा केला. "तोंड थोडं वाकडं दिसतंय. सरळ करू? जरा हसरं? एका क्लिकचं काम आहे."

देवजीने घरी व्हिडिओ कॉल लावून स्क्रीन दाखवली. रुतिका बराच वेळ बघत राहिली.

"मिथुनचा... चेंडू... बघत होते," ती म्हणाली. "हसत... नव्हते. असंच... ठेवा."

फ्लेक्स कॉलनीच्या नाक्यावर लागला. खाली 'खेळायला या' आणि देवजीचा नंबर. संध्याकाळी कॉलेजची पोरं त्या नावाखाली उभी राहून सेल्फी काढू लागली. पहिला फोन तो शब्द उच्चारून, खिदळून बंद झाला. दुसऱ्याला ते कंपनीचं नाव वाटलं, नोकरी मिळेल का म्हणून त्याने विचारलं.

मग घणसोली गावातून एका बाईचा फोन आला; बसमधून जाताना तिने फ्लेक्स पाहिला होता. "माझा मुलगा पण खुर्चीतच असतो हो. मोठा आहे."

देवजी उठून उभाच राहिला. "घेऊन या ना ताई! माजी पोरगी खेलते. आपन शिकवू त्याला."

"या खेळाने हात मोकळे होतात का? चालायला लागेल का तो?"

रुतिका समोरच होती. ऐकत होती. हो म्हटलं असतं तर बाई आली असती.

"नाय ताई," देवजी म्हणाला. "खेल हाय, दुसरा काय नाय."

"मग इतक्या लांब कशाला आणू? बरा होणारच नसेल तर..." आवाजात राग नव्हता. नुसती दमलेली होती ती.

"माज्या पोरीला समोर गडी पायजे, ताई," देवजी बोलला, तोवर फोन बंद झाला होता.

त्यानंतर कोणाचाच आला नाही.

रविवारी ती दोघं गेली तेव्हा समाजमंदिरात मांडववाले झेंडूच्या माळा सोडत होते. वॉचमनला दया आली. डीजेचे बॉक्स येईपर्यंत बाजूच्या ओसरीवर बसा म्हणाला.

देवजीने लाल चेंडू रुतिकाच्या मांडीवर ठेवले आणि निळे घेऊन तो समोर जायला निघाला.

"निळे... पण... द्या."

"मी खेलतो ना."

"तुम्ही... हरता."

त्याने निळेही दिले. तिने पांढरा टाकला, मग लाल, मग निळा. ज्या रंगाचा चेंडू लांब पडे, त्याची पाळी. लाल ती नेहमीसारखे खालून सोडत होती. निळे मात्र उंच टाकत होती, मिथुन टाकायचा तसे. त्या प्रत्येक फेकीला तिचं सगळं अंग ताठ होई, मानेच्या शिरा वर येत. शेवटचा लाल भरकटून भिंतीला लागला. पांढऱ्याला खेटून निळा होता.

"कोन जिंकला?" दिसत असूनही देवजीने विचारलं.

"निळा," रुतिका म्हणाली.

फाटकात टेम्पो शिरला. दोन माणसं काळे बॉक्स उतरवू लागली. त्यांनी अजून उठायला सांगितलं नव्हतं. देवजीने वाकून चेंडू गोळा केले, सदऱ्याला पुसले, लाल एका बाजूला आणि निळे दुसऱ्या बाजूला तिच्या मांडीवर ठेवले. मग तिच्या नेमाच्या आड येऊ नये म्हणून तो मागे सरकून भिंतीला टेकून उभा राहिला.