गोल आधी सोलमध्ये

मॅच लॉर्नच्या घरासमोरच्याच बर्फाच्या रिंकवर असायची, पण कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या उणे पस्तीस अंशांत बाहेर पडतो कोण? तो घरीच इंटरनेटवर गावच्या टीमची आइस हॉकी बघायचा. पडद्यावर लोडिंगची चकती गरगरत राहायची आणि तेवढ्यात सोलहून बहिणीचा, व्हर्नाचा, फोन यायचा.

"दादा, गोल!"

"गप गं! माझ्याकडे अजून झाला नाहीये."

"आमच्या कोरियात नेट कसं सुसाट पळतं! तुझं काय ट्रॅक्टरवरून येतं?"

लॉर्न नुसता चरफडायचा.

फायनलला मात्र व्हर्ना रडतच बोलली, "दादा, हरलो रे! शेवटच्या मिनिटात दोन गोल खाल्ले."

लॉर्नने पडद्याकडे पाहिलं. चकती फिरत होती. तीन-दोन. त्याने शांतपणे बिअर उघडली.

"तुमच्याकडे हरलो असू. माझ्या घरात अजून आपणच पुढे आहोत. आता बोल, कुणाचं नेट चांगलं?"