सहा पानांना मारलेली पिन

मित्रांनो, माझा आवाज नीट ऐकू आला नाही तर जरा जवळ या. माझी स्प्रिंग आता थकली आहे. मी एक जुना स्टेपलर आहे. सोलापुरात नव्या पेठेतल्या एका बोळात संगमेशअण्णांचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या टेबलावर माझी एकवीस वर्षं गेली. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. डब्यातून काढलं तेव्हा मी निळाशार होतो आणि अण्णा म्हणाले होते, "चावा चांगला हाय ह्याचा." तेवढ्या एका कौतुकावर मी बरीच वर्षं काढली. आता रंग उडाला. दसऱ्याला पुसून हळदकुंकू लावतात, बाकी वर्षभर अंगावर धूळ.

दुकानात नोकरीचे बायोडाटा फार होतात आणि प्रत्येकाला आपला बायोडाटा जाड हवा असतो. जाड कागद हातात आला की माणसाला धीर येतो. तो धीर मी पिनेने बांधून देत असे.

गेल्या मार्गशीर्षात दानम्मा आल्या. मूळच्या अक्कलकोटकडच्या, नवरा गेल्यावर मुलीला घेऊन शहरात राहिलेल्या. एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौदा वर्षं मदतनीस म्हणून काम केलं होतं. शाळा बंद पडली. मग ह्याच दुकानातून नऊ ठिकाणी अर्ज, आणि एकाही ठिकाणाहून बोलावणं नाही. आता एका कॉलेजात तशीच जागा निघाली होती. अट होती पंचेचाळीसच्या आतल्या वयाची, आणि पुढच्याच महिन्यात दानम्मांची पंचेचाळीस पूर्ण होत होती.

त्यांनी पिशवीतून सहा पानं काढली. कोपऱ्यात माझीच पिन होती.

"अण्णा, तिथल्या कारकुनानं परत दिलं हे. म्हणाला, बाई, तीन पानं उलटली तरी तुम्ही काम काय केलं ते सापडंना. शनिवारपर्यंत नीट करून आणा."

अण्णांनी चष्मा लावला. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अक्का, ह्यात रास, नाडी, मामाचं घराणं कशाला? लग्न जमवायचंय का नोकरी करायचीय?"

"तुमीच टाकलंय की," दानम्मा हळूच म्हणाल्या.

खरंच होतं ते. लग्नाच्या बायोडाट्याची फाइल कॉम्प्युटरवर तयारच असायची. नोकरीवालं कुणी आलं की अण्णा तिच्यातच नाव बदलत आणि केलेलं काम अगदी शेवटी जोडत. वर मी पिन मारायचो. त्या नऊ अर्जांना मीच चावलो होतो, मित्रांनो. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

"किती पानांचं करू?" अण्णांनी खालच्या आवाजात विचारलं.

"तुमी सांगा. चौदा वर्षं एका पानात बसतील व्हय?"

"बसवू की. वाचणाऱ्याला तेवढीच सवड असती."

रास गेली, नाडी गेली. रांगोळीचं बक्षीस गेलं. भजनी मंडळातला दुसरा नंबर काढताना दानम्मांनी नुसती मान हलवली. आम्लांच्या बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवणं, बारावीच्या प्रॅक्टिकलची मांडामांड, चौदा वर्षांत एकाही लेकराचा हात भाजू न देणं, हे सगळं वर आलं. तरी चार ओळी दुसऱ्या पानावर सांडल्याच. अण्णा अक्षर बारीक करायला लागले.

"नको. वाचणाऱ्याचे डोळे दुखतील."

"मग काढू काय?"

दानम्मांनी स्क्रीनवरच्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. मग त्यांनी बोट ठेवलं. तिथे चार ओळी पतीच्या होत्या. नाव, शिक्षण, गिरणीतली नोकरी, गेल्याची तारीख.

"हे काढा."

"मालकांचं?"

"त्यांचं नाव माझ्या नावात हायच की. मधी."

प्रिंटरमधून एकच पान बाहेर आलं. अण्णांनी सवयीने मला उचललं आणि तसंच खाली ठेवलं. एका पानाला बांधायचं काय?

आठवड्याने दानम्मा पुन्हा आल्या. मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, प्रमाणपत्रांच्या प्रती हव्या होत्या. पुढचं देव जाणे.

मित्रांनो, माझ्यासारख्या थकलेल्याला हलक्या हाताने दाबत जा, वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या. आणि दुसऱ्याचा कागद तुमच्या हाती आला, तर पिन मारण्याआधी त्याचं पहिलं पान एकदा वाचा. कुणाचं तरी वय निघून चाललेलं असतं.