लाल की हिरवं

घर माणसाला ऊब देतं, असं शहाणी माणसं सांगत आली आहेत. उरल डोंगरांतल्या आमच्या गावात हिवाळ्यात निम्मी घरं रिकामी असतात आणि ऊब त्यांनाच द्यावी लागते; नाहीतर पाणी गोठून रेडिएटर फुटतात.

हे काम लुकिचचं. शाळेच्या बॉयलरवरून तो निवृत्त झाला, बायको त्याआधीच गेली. शहरात जाणारे शेजारी किल्ल्या त्याच्याकडे देत. तो घरोघरी बॉयलर पेटवी, मग त्यांच्याच खुर्चीत बसे. पाइपांत पाणी कुजबुजू लागलं की त्याचे डोळे मिटत आणि तो त्या घराचाच होऊन जाई. एका घरात त्याला दोन मुलगे असत, दुसऱ्यात तो पियानो वाजवी. शेजारीण फैनाच्या घरात बायको स्वयंपाकघरातून हाक मारी, आणि तो मुद्दाम ओ देत नसे.

मग लोकांनी पाइपांत न गोठणारं अँटिफ्रीझ भरलं आणि किल्ल्या परत नेल्या. उरलं फैनाचं घर.

ऑक्टोबरात तिनं त्याला बोलावलं. दुकानदाराकडून परतीच्या बोलीवर आणलेले अँटिफ्रीझचे दोन कॅन समोर ठेवले.

"मार्चपर्यंत लेकीकडे चाललेय. सांग, लाल की हिरवं?"

"लाल विषारी. तुझं नळाचं गरम पाणी त्याच बॉयलरातून येतं. आत कुठं गळलं तर चहातून पिशील."

"म्हणजे हिरवं."

"नाहीतर पाणीच ठेव. गंज धरू नये म्हणून औषध टाकू. ही असली द्रवं लबाड, सांध्यांतून झिरपतात."

"आणि पाणी गोठलं तर?"

"मी मेलो का?"

"गेल्या साली मरतच होतास. न्यूमोनिया अंगावर काढत माझ्या दारात, बर्फात पडलास. मी तिकडं बसून पाइपांची काळजी करू की तुझी?"

"पाइपांची. ते महाग आहेत."

"लुकिच, तू सांगशील ते भरते. पाणी म्हणालास तर पाणी."

लुकिच बराच वेळ रेडिएटरवर हात ठेवून उभा राहिला. एकच शब्द म्हणायचा होता.

"हिरवं," तो म्हणाला. "आणि सांध्यांचे वायसर बदलून घे. जुने टिकायचे नाहीत."

निघताना फैनानं किल्ली मागितली नाही. "असू दे. तुझ्या खिशाला सवय आहे."

जानेवारीत तो तिच्या घरात शिरताना दिसला. बराच वेळ बाहेर येईना, म्हणून मी डोकावलो. कोट, टोपी, हातमोजे घालून तो खुर्चीत डोळे मिटून बसला होता. पाइप गप्प होते.

"बस," तो डोळे न उघडता म्हणाला. "आवाज करू नकोस."

मी बसलो. काचांवरच्या बर्फाच्या नक्षीतून दुधी उजेड झिरपत होता. थोड्या वेळानं मलाही आतून कुणी हाक मारणार आहे असं वाटू लागलं.

मग भिंतीवरचा तापमापक दिसला. त्या दिवशी बाहेरची थंडी जरा ओसरली होती. घरात बाहेरपेक्षा चार अंश जास्त थंडी होती.