बसला, पण धरला नाही

इमारतीतला कठडा हलतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. येताजाता जो तो त्याला हात लावून बघतो, "हलतोय की हो," म्हणतो आणि आपल्या दारात शिरून कडी घालतो. मग एके दिवशी सगळ्यांना एकदम जाग येते, आणि जाग आली की मागोमाग घाई येते. इतकी वर्षं पुरलेला दम त्या दिवशी कुठं जातो, कोण जाणे!

या इमारतीत तसंच झालं. पहिल्या मजल्याच्या लांबलचक गॅलरीचा कठडा गंजून पापड झाला होता. तो काढला, नवा आणला आणि बसवायला मिस्त्रीला बोलावलं. शटरं, जाळ्या, कठडे, दुकानांच्या पाट्या, काही टांगायचं असो की रोवायचं असो, त्या भागात माणसं यालाच हाक मारत. बरोबर त्याचा धाकटा भाऊ. ड्रिल त्याच्या हातात.

इमारतीचे अध्यक्ष सकाळपासून डोक्यावर उभे. "मिस्त्री, संध्याकाळपर्यंत उरकायचं. उद्या माझ्याकडे माणसं यायचीत."

"साहेब, ही स्लॅबची कड आहे. इथं ठोकून फुगणारा बोल्ट घातला तर कडच फुटायची. भोकात रसायन भरून त्यात सळई रोवावी लागते. आणि रात्रभर तिला बोट लावायचं नाही."

"म्हणजे रात्रभर गॅलरी उघडी? कोणी पडलं म्हणजे?"

मिस्त्रीनं मान हलवली. जाऊ दे म्हटलं. इथं माती खाल्ली!

भोक पाडलं की आत सिमेंटची धूळ साचते, पिठासारखी बारीक. ती फुंकून काढायची, तारेच्या ब्रशनं भोक आतून घासायचं, पुन्हा फुंकायचं, मग रसायन भरायचं. रसायनाच्या नळकांड्यावर अडाण्यालाही कळेल अशी चित्रं काढून हे सांगितलेलं असतं. मिस्त्रीच्या पेटीत ब्रशसुद्धा होता, अगदी तळाशी, दुकानातून आणलेल्या पिशवीत, कोरा करकरीत. धाकट्यानं भोकात तोंडानं एक फुंकर मारली, धूळ डोळ्यांत गेली, तशी एक शिवी हासडली, नळी घालून रसायन दाबलं आणि सळई पिळत आत लोटली.

"बसला!" तो ओरडला.

"पुढचा," मिस्त्री म्हणाला.

हा त्या धंद्यातला शब्द. बसला. सळई आत गेली, वरचा नट आवळला, की बसला. आत काय झालं ते कोण बघायला जातंय? संध्याकाळी कठडा रांगेत उभा होता, वर चकाकता रंग. अध्यक्षांनी हात फिरवला आणि मुलाच्या पाठीवर थाप द्यावी तशी कठड्याला थाप दिली.

त्या गॅलरीत शिलाईमावशी राहायची. एकटी. दारातच मशीन, आणि दिवसभर पडदे, उशांचे अभ्रे, मुलांचे गणवेश. बाई अंगानं भरलेली, चांगलीच भरलेली. इमारतीतली पोरं तिला 'पिंप' म्हणत, तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत. आणि पोरांना शिकवतं कोण? त्यांच्या आया! मावशी आपली हसून सोडून द्यायची. "पिंप तर पिंप. भरलेलं आहे ना? रिकामं असतं तर वाजलं असतं," म्हणायची.

एका दुपारी खाली दोऱ्यांच्या रिळांचा माणूस आला. मावशीनं नेहमीप्रमाणे दोरीला बांधून टोपली सोडली, आणि तिच्यात रिळं नीट पडतात का ते बघायला कठड्यावर रेलली. खटकन आवाज झाला नाही की काही नाही. कठड्याचा खांब मऊ मातीतून झुडूप उपटावं तसा अलगद वर आला. आणि मावशी टोपलीपाठोपाठ खाली गेली.

जीव वाचला. खुब्याचं हाड मोडलं.

आता बघा हं, माणसं काय बोलली ते. "एवढं वजन टाकल्यावर कुठला कठडा राहील?" "मी तर कधीचीच म्हणत होते, खाणं कमी कर." "नवा कोरा कठडा, किती छान होता!" हळहळ कोणाची, तर कठड्याची! अध्यक्षांनी जोखमीची बाजू दोरीनं बांधली आणि वर पाटी लटकवली: 'कठड्यावर रेलू नये.'

मिस्त्रीला बोलावणं आलं. तो भीत भीतच आला, पण त्याला कोणी काही विचारलं नाही. उलट अध्यक्षच म्हणाले, "तुमचं कामात नाव आहे हो. बाईच तशी, त्याला तुम्ही काय करणार?" मिस्त्रीच्या छातीवरचा धोंडा उतरला.  त्यानं खाली वाकून एक निघालेली सळई उचलली आणि खिशात टाकली.

घरी विजारीच्या खिशातून ती सळई त्याच्या आईच्या हाताला लागली, कपडे भिजत घालताना. म्हातारीची जीभ म्हणजे कात्री, आणि नजर त्याहून धारदार. सळईभोवती रसायन दगडासारखं घट्ट झालेलं, पण त्याच्यावर सगळीकडून करडी भुकटी बसलेली. तिनं अंगठा घासला. अंगठा पांढुरका झाला.

"हे काय रे?"

"कठड्याची सळई."

"शिलाईवाली पडली तो?"

"हं. वजनानं निघाली."

"वजनानं निघाली असती तर भिंतीचा टवका घेऊन निघाली असती. ही तर आंघोळ करून पावडर लावून बाहेर आलीय!" म्हातारी त्याच्यासमोर येऊन बसली. "मला तुझ्या धंद्यातलं कळत नाही. पण कणीक मळून झाली की हाताला पीठ का लावतात, ते सांग."

मिस्त्री पेटीतली हत्यारं लावू लागला.

"का लावतात? तोंड शिवलंय का?"

"चिकटू नये म्हणून."

"मग भोकात पीठ ठेवून वर डिंक ओतलास, तर तो कोणाला धरणार? भिंतीला की पिठाला?"

"आई, सगळे असंच करतात. घाई त्यांना होती. रात्रभर थांबायला कोण तयार असतं? आणि आजवर कधी काही झालं नाही."

"झालं नाही, की कोणी रेललं नाही?" म्हातारीचा आवाज चढला. "रेलू नये म्हणे! मग कठडा कशाला असतो? फोटो काढायला? अरे, ज्याचा तोल जातो तोच कठडा धरतो. धडधाकट माणूस कशाला हात लावतोय त्याला? तुम्ही ओरडता ना, बसला, बसला म्हणून? बसतो तर पाहुणासुद्धा. चहा पिऊन उठून जातो. बसला का ते विचारू नका, धरला का ते विचारा!"

मिस्त्री उठून बाहेर जायला निघाला.

"चप्पल घाल, आणि ही सळई खिशात टाक," म्हातारी म्हणाली. "मीही येते. दवाखान्यात जायचंय."

दवाखान्यातली ती खोली लांबट होती, खाटांना खाटा लागलेल्या. मावशी शेवटच्या खाटेवर, पायाला वजन बांधलेलं. मिस्त्रीला बघताच तिनं पदर सावरला, आणि तिचे डोळे भरून आले.

"भाऊ, तुम्ही कशाला त्रास घेतला? माझ्यामुळे तुमच्या कामाला बट्टा लागला. एवढा चांगला कठडा. मीच मेली जड."

खाटेशेजारच्या स्टुलावर ताट होतं. अर्ध्याहून जास्त तसंच. ताट न्यायला आलेली आया कुरकुरली, "रोजचं आहे हे. हाड कसं जुळायचं हिचं? सांगून दमलो, खातच नाही."

"कमी करतेय हो," मावशी ओशाळून म्हणाली. "बरी झाले की परत त्याच गॅलरीत राहायचंय. सगळ्यांना भीती वाटते माझी. पुन्हा काही मोडलं म्हणजे?"

मिस्त्रीनं त्या ताटाकडे बघितलं.  त्यानं एका भोकातली धूळ काढली नव्हती, आणि ही बाई ती धूळ रोज गिळत होती! त्यानं आईकडे बघितलं. म्हातारी खिडकीबाहेर बघत होती. पुढचं तिनं त्याच्यावर सोडलं होतं.

त्यानं खिशातून सळई काढून मावशीच्या हातात दिली.

"मावशी, तुमचं वजन नव्हतं. मी भोक साफ केलं नाही. ब्रश पेटीत होता, काढला नाही. एखादा सुतळीएवढा माणूस रेलला असता तरी तो खांब उपटून आलाच असता. त्या गॅलरीतल्या एकाही खांबानं धरलेलं नाही."

मावशी रागावेल, शिव्या घालेल, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती सळईवरून नुसतं बोट फिरवत राहिली. मग लहान मुलीसारखं तिनं विचारलं, "म्हणजे मी जड नव्हते?"

"नाही, मावशी."

"हे तिथं सगळ्यांना सांगाल?"

त्यानं मान डोलावली. तेव्हा कुठं तिनं तोंडावर पदर घेतला आणि पडल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. म्हातारीनं आयाच्या हातातलं ताट परत ओढून घेतलं. "आधी चार घास खा. मग त्याला हव्या तेवढ्या शिव्या दे, मी पुरवते," ती म्हणाली.

मिस्त्रीनं गॅलरीत सगळ्यांना गोळा करून सांगितलं. धाकट्यानं बाही ओढली, "दादा, धंदा बुडेल." बुडालाच. कालपर्यंत 'मावशीचं वजन' म्हणणारी तोंडं क्षणात 'मिस्त्रीचा हलगर्जीपणा' म्हणू लागली. तोंडांना काय, कोणीतरी लागतं! फक्त 'संध्याकाळपर्यंत उरकायचं' कोण म्हणालं होतं, त्याची कोणी आठवण काढली नाही. अध्यक्षांनी तर नाहीच नाही.

मिस्त्रीनं पदरमोड करून सगळा कठडा उपटला. जुन्या भोकांच्या बाजूला नवी पाडली. फुंकलं, ब्रशनं घासलं, पुन्हा फुंकलं. इतकं की धाकट्यानं आत बोट घालून बाहेर काढलं तर ते स्वच्छ निघालं. रसायन तळापासून भरलं, सळया रोवल्या, आणि रात्रभर दोन्ही भाऊ गॅलरीच्या दोन टोकांना बसून राहिले, कोणी हात लावू नये म्हणून. सकाळी नट आवळले, एकेक खांब खेचून बघितला आणि ती पाटी काढून टाकली. इतर इमारतींत त्यानं बसवलेले कठडे होतेच. तिथंही खांब तपासून नीट करून देतो म्हणत तो दारोदार गेला. कोणी दार उघडलं, कोणी तोंडावर आपटलं.

मावशी बऱ्याच काळानं परत आली, काठी टेकत. मशीनचं पायडल आता तिच्यानं दाबवत नव्हतं. मशीनवर चादर पडली होती. मिस्त्री दारात उभा होता.

"मावशी, आता धरलाय. रेलून बघा."

तिनं हात पुढं केला. कठड्यापासून वीतभर अंतरावर तो थांबला आणि मागं गेला.

"तुमच्यावर विश्वास आहे, भाऊ," ती म्हणाली, "पण हाताला अजून नाही." आणि भिंतीच्या बाजूनं भिंत धरत ती आपल्या खोलीत गेली.

तेव्हा बायांनो आणि बापांनो, दोन गोष्टी गाठीला बांधा. कोणी पडलं की त्याचं वजन मोजायला धावू नका, आधी भोक बघा. आणि हातात कसलंही काम असो, कठड्याचं, शाळेचं, दवाखान्याचं, की घरातल्या माणसाला दिलेल्या शब्दाचं, जिथं कोणी बघत नाही तिथली धूळ आधी काढा. दुसऱ्याकडून करून घेत असाल, तर त्याला ती काढायला वेळ द्या. रसायन एका रात्रीत धरतं. माणसाचा हात एकदा सुटला की तो पुन्हा केव्हा धरेल, हे सांगणारं चित्र कुठल्याच नळकांड्यावर काढलेलं नाही.