पहिल्या खाचेतला कार्बन

"एवढा कार्बन निघाला की निघू," सासरे म्हणाले. हे त्यांनी पावणेदहाला म्हटलं होतं, सव्वादहाला म्हटलं होतं, आणि आता साडेदहा वाजले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ अकराची होती.

मी विम्याच्या कचेरीत आहे. लोक खोटं बोलतात हे गृहीत धरण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळे 'एवढं झालं की निघू' या वाक्याची किंमत मला कळते. तरी मी गॅरेजातल्या स्टुलावर बसून राहिलो. मला सासूबाईंनी पाठवलं होतं, आणि सासऱ्यांना न घेता त्यांच्यासमोर उभं राहण्यापेक्षा कार्बन परवडला.

सासरे टू-स्ट्रोक मोटारसायकलींचे मेकॅनिक. या गाड्या पेट्रोलमध्येच तेल मिसळून पितात आणि दारू न पचलेल्या माणसासारखं वागतात. तेल अर्धवट जळतं, थोडा धूर होऊन बाहेर पडतं आणि उरलेलं काळा थर होऊन पिस्टनच्या डोक्यावर, सायलेन्सरच्या नळीत, जागा मिळेल तिथे बसतं. मग कोणालातरी ते खरवडावं लागतं. सासऱ्यांनी एकेचाळीस वर्षं ते खरवडलं. दरम्यान शहरातल्या अशा गाड्या कमी होत होत सातावर आल्या. त्यातली एक स्वतः सासऱ्यांची, एक समोर बसलेल्या कंपाउंडरची. उरलेल्या पाचांचे मालक आता स्वतःच दोन-तीन किका मारल्याशिवाय सुरू होत नसत.

खरवडण्याची हत्यारं घरातून येत. सासूबाईंची दोन लाकडी उलथनी, एक गाळणी आणि कित्येक टूथब्रश या गॅरेजात कामी आले होते. ब्रश जुना झाला की बढती मिळून इकडे येई. लग्नानंतर पहिल्यांदा मुक्कामाला आलो तेव्हा माझाही आला. तो दोन दिवसांचा होता.

"निघत नाहीये का, मिस्त्री?" कंपाउंडरने विचारलं. अडतीस वर्षं दवाखान्यात बाटल्यांतून औषध ओतून हा माणूस निवृत्त झाला होता आणि आता उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून सल्ले ओतत होता. "रॉकेलमध्ये ठेवा अजून. सकाळ, दुपार, संध्याकाळ."

"रात्रभर ठेवलाय."

"मग मात्रा वाढवा."

सासऱ्यांनी कंपाउंडरच्या गाडीचा पिस्टन नाकापर्यंत नेला. गेले वर्षभर ते सगळंच नाकापर्यंत नेत होते. पिस्टनचं डोकं त्यांनी घासून आरशासारखं केलं होतं, रिंगा बसवायच्या दोन खाचांपैकी दुसरी साफ झाली होती. पहिल्या खाचेत मात्र एक ठिपका हटून बसला होता. खाच साफ करायला ते जुन्या रिंगेचा तुटका तुकडा वापरत. तो तुकडा त्या ठिपक्यापाशी येई आणि अडे. सासरे मागे जात, पुन्हा येत, पुन्हा अडे.

"घाण साली," सासरे म्हणाले. "अशी घाण एकेचाळीस वर्षांत पाहिली नाही."

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

कारण 'घाण' या शब्दाला आमच्या घरात इतिहास आहे. नऊ वर्षांपूर्वी मी लग्नाचं विचारायला आलो तेव्हा सासऱ्यांनी माझा पगार विचारला नाही. त्यांनी माझ्या हातात एक पिस्टन दिला आणि म्हणाले, "या खाचेत काय दिसतं?" खाचेत मोहरीएवढं काहीतरी काळं होतं. मी म्हणालो, "घाण." त्यांनी पिस्टन माझ्या हातातून काढून घेतला. मग त्यांनी समजावलं. रिंग म्हणजे पिस्टनच्या कमरेचा पट्टा, एका जागी तुटलेला. ती गरगर फिरू नये म्हणून टू-स्ट्रोकच्या खाचेत एक पोलादी पिन ठोकलेली असते. रिंगेची दोन्ही टोकं तिला मिठी मारून बसतात. पिन गेली की रिंग गेली, रिंग गेली की सिलिंडर गेला. लग्न झालं, पण पुढची नऊ वर्षं पाहुण्यांना माझी ओळख 'पिनेला घाण म्हणणारे आमचे जावई' अशीच करून देण्यात आली.

फोन वाजला. सासूबाई.

"निघालात?"

"निघतोय."

"म्हणजे बसलाय. ह्यांना द्या फोन."

"हात काळे आहेत म्हणतायत."

"एकेचाळीस वर्षं काळेच आहेत. तरी जेवतात ना? सांगा त्यांना, परवा खुंटीवरच्या रेनकोटाला 'बसा' म्हणालात ते मी कोणाला सांगितलेलं नाही. आज नाही गेलात तर सगळ्यांना सांगेन."

मी निरोप दिला. कंपाउंडरने तो लक्ष देऊन ऐकला.

"अंधार होता," सासरे म्हणाले.

"दुपारचे दोन वाजले होते," फोन म्हणाला आणि बंद झाला.

सासऱ्यांनी नवा बेत केला. पिस्टन गुडघ्यांत धरला, रिंगेचा तुकडा बाजूला ठेवला, बारीक पक्कड घेतली आणि त्या ठिपक्याला धरून असा पीळ दिला की त्यांच्या मानेवरच्या शिरा फुगल्या. अकराला पाच मिनिटं होती. 'टक्' असा आवाज झाला आणि ठिपका उडून रॉकेलच्या ताटात पडला.

"सुटला," सासरे म्हणाले. चेहरा असा, की जणू मुलगी तिसऱ्यांदा बसून मॅट्रिक झाली. "चला, जावईबापू. घ्या चपला."

निघण्याआधी ते नेहमी एक गोष्ट करत. दोरी बांधलेलं लोहचुंबक ताटातून एकदा फिरवत, पडलेला एखादा स्क्रू वाया जाऊ नये म्हणून. तसं त्यांनी ते आजही फिरवलं. वर आलं तेव्हा त्याला एक वॉशर, एक आखूड स्क्रू आणि तो ठिपका चिकटलेला होता.

कार्बन लोहचुंबकाला चिकटत नाही. हे मला माहीत होतं, सासऱ्यांना माहीत होतं, आणि कंपाउंडरच्या चेहऱ्यावरून वाटलं की औषधशास्त्रालाही माहीत असावं.

सासऱ्यांनी ठिपका बोटावर घेतला, नाकापर्यंत नेला. मग नेऊन उपयोग नाही हे कळल्यासारखा खाली आणला आणि अंगठ्याने चोळला. पिस्टन उचलून पहिल्या खाचेवरून नख फिरवलं. नख कुठेही न अडता पूर्ण फेरी मारून आलं. त्यांनी पुन्हा फिरवलं.

मग माझ्यातला विमा जागा झाला. "बाबा, पिन जुनीच होती. सैल झाली असेल. आपोआप..."

"आपोआप नाही," सासरे म्हणाले. "पाऊण तास लागला."

मग ते कंपाउंडरकडे वळले. "मी तुमची पिन काढली. घाण समजून."

"बरं," कंपाउंडर म्हणाला. "तिच्याशिवाय चालेल ना?"

"चालेल. चार दिवस. पाचव्या दिवशी तुम्ही भर रस्त्यात उभे असाल आणि गाडीच्या पोटात तुकडे वाजत असतील."

"मग नवा पिस्टन घालू."

"कारखाना बंद पडून एकवीस वर्षं झाली, कंपाउंडर."

"जुन्या बाजारात?"

सासरे उठले. कोपऱ्यात त्यांची स्वतःची गाडी उभी होती, कंपाउंडरच्या गाडीची सख्खी बहीण. त्यांनी तिच्या सीटवर हात ठेवला, मग पाना घेऊन खाली बसले.

"मिस्त्री, हे काय करताय?"

"दोन्ही सिलिंडर मी एकाच दिवशी, एकाच मापाला आतून कोरून बोअर केलेत. माझा पिस्टन बसेल."

"आणि तुमची गाडी?"

"मला कुठे जायचंय," सासरे म्हणाले.

"डोळ्यांच्या डॉक्टरांकडे," मी म्हणालो. कोणी लक्ष दिलं नाही.

यानंतरचा दीड तास सासऱ्यांनी काहीही नाकापर्यंत नेलं नाही. बोल्ट, नट, स्प्रिंग, सगळं बोटांनी ओळखून काढलं आणि रांगेत ठेवलं. बोटं चुकत नव्हती. पिस्टन हातात आला तेव्हा तो त्यांनी पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"पहिल्या खाचेत काय दिसतं?"

मी उजेडाकडे धरून पाहिलं. "पिन."

"दुसऱ्या?"

"पिन."

"नक्की?"

"नक्की."

"मग रिंगा तुम्ही चढवा. टोकं पिनेवर येऊ द्या. मी पकडतो."

नऊ वर्षांनी मी पास झालो होतो. का कोण जाणे, मला अजिबात बरं वाटलं नाही.

कंपाउंडरची गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. गॅरेजभर धूर झाला. कंपाउंडर गाडीवर बसला, काहीतरी बोलावं म्हणून हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं आणि गेला.

आम्ही सासऱ्यांची गाडी ढकलत घराकडे निघालो. आतून पोकळ झाल्याने ती हलकी लागेल असं मला वाटलं होतं. पिस्टनचं वजन दीडशे-दोनशे ग्रॅम असतं, त्यामुळे तसं काही झालं नाही. उतार लागल्यावर सासरे सवयीने वर बसले. गाडी आवाज न करता घरंगळू लागली. रस्त्यातले लोक बाजूला होईनात. मी पुढे पळत "सरका, सरका" ओरडत होतो.

सासूबाई ओट्यापाशी होत्या. कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला की त्या चहाचं आधण ठेवत. सासरे दारात येईपर्यंत ते उकळलेलं असे. आज गॅस बंद होता.

"कधी आलात?" त्या दचकून म्हणाल्या. "गाडी ऐकूच आली नाही."

"ढकलत आणली," सासरे म्हणाले.

"आणि डॉक्टर?"

"उद्या नऊला जाऊ. पहिलाच नंबर घेतलाय, येतानाच फोन केला."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. इतक्या सहज मिळालेल्या होकाराचं काय करायचं हे त्यांना कळेना. रेनकोटाचा मुद्दा त्यांनी दुपारभर धार लावून ठेवला होता.

"झालं काय पण?"

सासऱ्यांनी शर्टाच्या खिशातून चिमटीत ती पिन काढली. सासूबाईंनी तळहात पुढे केला. चिमूट पुढे आली आणि तळहाताच्या चार बोटं अलीकडेच, हवेवर उघडू लागली.

सासूबाईंनी हात सरकवून पिनेखाली आणला, आणि दुसऱ्या हाताने गॅस पेटवला.